बॉण्ड ऑर्डर काढा, बंधांची ताकद ताडून पाहा

दोन अणूंच्या रेणूतला बंध किती घट्ट आहे, हे ताडायला रेण्वीय ऑर्बिटल सिद्धांतातला एक छोटा हिशेब पुरतो. ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉनांची जागा; बाँडिंगमधले इलेक्ट्रॉन बंध घट्ट करतात, अँटिबाँडिंगमधले कमजोर. बाँडिंग ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनांतून अँटिबाँडिंगमधले वजा करायचे आणि उरतील त्यांना दोनाने भागायचं. झाली बॉण्ड ऑर्डर.

आधी फक्त बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजा. नायट्रोजनच्या रेणूत १०, ऑक्सिजनच्या १२, फ्लोरिनच्या १४. आतल्या १एस ऑर्बिटलांतले चार एकमेकांना खोडून टाकतात, त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही.

आता खालून वर भरा. २एस आणि २पी ही बाहेरच्या कवचातली ऑर्बिटलं; सिग्मा (σ) आणि पाय (π) हे त्यांच्यापासून बनणाऱ्या रेण्वीय ऑर्बिटलांचे प्रकार, आणि स्टार लागला की ते अँटिबाँडिंग. सिग्मा २एसमध्ये दोन, सिग्मा-स्टार २एसमध्ये दोन. मग २पीच्या तीन बाँडिंग ऑर्बिटलांत (एक सिग्मा, दोन पाय) मिळून सहा. उरले तर दोन पाय-स्टारमध्ये चारपर्यंत आणि अगदी शेवटी सिग्मा-स्टार. २पीमध्ये सिग्मा आधी की पाय आधी, यावर विद्यार्थी उगाच डोकं फोडतात. दोन्ही बाँडिंगच, त्यामुळे बॉण्ड ऑर्डर बदलत नाही. तो क्रम कामाला येतो बोरॉनच्या रेणूचा चुंबकीय गुण ठरवताना.

आकडे मांडा: नायट्रोजन (८ − २) ÷ २ = ३, ऑक्सिजन (८ − ४) ÷ २ = २, फ्लोरिन (८ − ६) ÷ २ = १. बंध तोडायला लागणारी ऊर्जाही त्याच क्रमाने उतरते: मोलला साधारण ९४५, ४९८ आणि १५९ किलोज्यूल.

खरी गंमत आयनांत, म्हणजे इलेक्ट्रॉन काढलेल्या किंवा घातलेल्या रेणूंत आहे. नायट्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन काढला तर तो बाँडिंगमधला जातो. बॉण्ड ऑर्डर २.५ होते आणि बंध ११० पिकोमीटरवरून ११२ वर लांबतो. ऑक्सिजनमधून काढला तर मात्र पाय-स्टारमधला जातो. बॉण्ड ऑर्डर इथेही २.५, पण ती २ वरून चढलेली. बंध १२१ वरून ११२ वर आखडतो. उलट ऑक्सिजनमध्ये एक इलेक्ट्रॉन घातला की होणाऱ्या सुपरऑक्साइडमध्ये ती १.५ आणि दोन घातले की होणाऱ्या पेरॉक्साइडमध्ये १ वर येते.

घाईत असाल तर एवढं धरा: १० इलेक्ट्रॉनांना ३, पुढे-मागे प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे अर्धा कमी. ११ इलेक्ट्रॉनांच्या नायट्रिक ऑक्साइडला म्हणून २.५. हायड्रोजनला ही युक्ती लावू नका, तिथे २पी नाहीच.

आणि तुलना शक्यतो एकाच रेणूच्या आयनांत करा. हायड्रोजन आणि फ्लोरिन, दोघांची बॉण्ड ऑर्डर १. पण हायड्रोजनचा बंध तोडायला मोलला ४३६ किलोज्यूल लागतात.