नोकरीची धास्ती लागते तेव्हा स्वतःला कसे सांभाळावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ऑर्डरी घटल्या की, कपातीची कुजबुज पाळी बदलताना गेटवरच सुरू होते आणि ठेकेदाराने ज्याचा गेटपास अजून नवा करून दिलेला नसतो, त्याची झोप त्याच रात्री उडते. ग्रीनहाल्घ आणि रोझेनब्लाट या अभ्यासकांनी 1984 मध्ये नोकरीच्या असुरक्षिततेची व्याख्या करताना हतबलतेवरच बोट ठेवले होते. नोकरी टिकावी असे वाटते, पण ती टिकवणे आपल्या हातात नाही, ही भावनाच माणसाला आतून पोखरते. त्यामुळे जे थोडेफार हातात आहे, ते आधी ताब्यात घ्यावे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि हजेरीच्या नोंदी एका फाइलमध्ये लावाव्यात आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून मालकाचा हिस्सा दरमहा जमा झाला आहे का, हे महिना-महिना ताडून पाहावे. कामगार कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या ज्या कामगाराची वर्षभर सलग सेवा झाली आहे, म्हणजे ज्याचे बारा महिन्यांत 240 दिवस भरले आहेत, त्याला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळायला हवी. हे दिवस सिद्ध करण्याची वेळ आली, तर हजेरीचा कागदच उपयोगी पडतो. म्हणून कंत्राटी कामगारांनी तो विशेष जपावा.

सुपरवायझरला ‘माझे काय होणार?’ असे मोघम विचारू नये. पुढच्या महिन्याच्या पाळीत आपले नाव आहे का आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळेल, एवढेच स्पष्ट विचारावे. मालकांनीही माणसांना अंधारात ठेवू नये, कारण वाईट बातमीची तयारी करता येते, पण अफवेची करता येत नाही.

घरी मात्र लपवाछपवी नको. पतसंस्थेचा हप्ता, भिशी आणि मुलांची फी जोडीदारासोबत बसून कागदावर मांडावी आणि तूर्तास नवे कर्ज टाळावे.

धास्तीपोटी आजारपणातही रजा न घेता कामावर जाणारे अनेक जण आहेत. भट्टीजवळ किंवा प्रेसवर अर्धवट झोपेत उभे राहणे जिवावर बेतू शकते, हे कुटुंबानेही त्यांना ठणकावून सांगावे. झोप न लागणे, छातीत धडधडणे, घरच्यांवर विनाकारण खेकसणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे. तिथे जाणे जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते.