एच-१बी नोकरीचा प्रस्ताव आला, तर एलसीए कसा वाचावा

पुण्यातील किंवा नवी मुंबईतील एखाद्या अभियंत्याला अमेरिकेतील नोकरीचा प्रस्ताव येतो, तेव्हा घरातील सर्वांचे लक्ष ऑफर लेटरमधील वार्षिक पगाराच्या आकड्याकडे जाते आणि त्याला डॉलरच्या भावाने गुणण्यातच पहिली संध्याकाळ संपते. ऑफर लेटर म्हणजे कंपनीने उमेदवाराला सांगितलेली गोष्ट. त्याच नोकरीविषयी कंपनीने अमेरिकी सरकारला काय लिहून दिले आहे, ते लेबर कंडिशन ॲप्लिकेशन, म्हणजे एलसीए, या दुसऱ्या कागदावर असते. त्यात जाणूनबुजून खोटे लिहिल्यास कंपनीला दंड होऊ शकतो आणि काही काळ नवे अर्ज करण्यास बंदीही येऊ शकते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत, आणि त्यांत फरक आढळला तर सही करण्यापूर्वी त्याचे कारण लेखी मागावे.

मुळात अर्ज होणार आहे का, ते आधी पाहावे

कुशल परदेशी कामगारांना अमेरिकेत तात्पुरती नोकरी करू देणारा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढी त्याची मर्यादा आहे, आणि मागणी तिच्या कितीतरी पट असल्याने मार्चमध्ये नोंदणी घेऊन लॉटरी काढली जाते. निवड झालेल्यांना साधारणपणे १ ऑक्टोबरपासून काम सुरू करता येते. २०२६ या आर्थिक वर्षासाठी सुमारे ३,४४,००० पात्र नोंदण्या आल्या आणि त्यांतून सुमारे १,२०,००० निवडल्या गेल्या. त्याआधी काही वर्षे एकाच उमेदवाराच्या नावाने अनेक कंपन्यांनी नोंदणी करण्याचा सुळसुळाट झाला होता. मार्च २०२४ पासून नोंदण्यांऐवजी उमेदवार मोजले जाऊ लागल्यावर तो बराच आटला. त्यामुळे ‘आम्ही तुमचे नाव चार कंपन्यांतून टाकतो, नंबर लागेलच’ असे आजही कोणी सांगत असेल, तर त्याला एक तर नियम माहीत नाही किंवा तो तुम्हाला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे.

भारतात बसून अर्ज करणाऱ्यांसाठी याहून मोठी अडचण १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय उद्घोषणेने निर्माण झाली. २१ सप्टेंबर २०२५ पासून बारा महिन्यांसाठी, अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी दाखल होणाऱ्या नव्या अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरावेत, अशी अट तिने घातली. विद्यार्थी म्हणून तिथे राहत असलेल्या आणि तिथूनच व्हिसाचा दर्जा बदलून घेणाऱ्या उमेदवाराला ती लागू होत नाही, असा खुलासा पुढच्या महिन्यात करण्यात आला. ही अट अर्जाच्या दिवशी लागू आहे का, हे पाहावे आणि लागू असेल तर ते पैसे कोण भरणार हे कंपनीला थेट विचारावे. दहा-पंधरा माणसांची कन्सल्टन्सी नाशिकमध्ये राहणाऱ्या दोन वर्षे अनुभवाच्या प्रोग्रॅमरसाठी एक लाख डॉलर मोजेल, यावर विश्वास ठेवण्यास फार भोळेपणा लागतो.

एलसीए कोठे मिळतो

लॉटरीपूर्वी तुमच्या नावाच्या अर्जासाठीचा एलसीए सहसा तयार झालेला नसतो, परंतु त्याच कंपनीचे जुने एलसीए सर्वांना पाहण्यासाठी खुले असतात. अमेरिकेचा श्रम विभाग दर तिमाहीला या अर्जांचा संपूर्ण तक्ता आपल्या संकेतस्थळावर एक्सेल स्वरूपात ठेवतो. फाइल मोठी असते, उघडायला वेळ लागतो, पण आयटीतल्या माणसाला एक्सेल गाळून घेण्यात काय अवघड आहे? कंपनीचे कायदेशीर नाव ऑफर लेटरवरून तंतोतंत उतरवून घ्यावे, कारण ब्रँडचे नाव आणि नोंदणीचे नाव बहुधा वेगळे असते, आणि मागील दोन-तीन वर्षांच्या तक्त्यांत ते शोधावे. पदनाम, व्यवसायाचा संकेतांक, कामाचे ठिकाण, देऊ केलेले वेतन, त्या भागातील प्रचलित वेतन आणि वेतनस्तर हे सगळे प्रत्येक ओळीत मिळते.

निवड झाल्यानंतर तुमच्या अर्जाला जोडलेल्या एलसीएची प्रत मागावी. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती कामगाराला देणे कंपनीवर बंधनकारक आहे. शिवाय एलसीए दाखल केल्यापासून एका कामाच्या दिवसाच्या आत कंपनीला एक सार्वजनिक फाइल तयार ठेवावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. ‘ते गोपनीय असते’ हे उत्तर मिळाले, तर ते चुकीचे आहे.

एक गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. एलसीएवर मंजुरीचा शिक्का असणे म्हणजे सरकारने नोकरीची शहानिशा केली असे नव्हे. श्रम विभागाला सात कामकाजाच्या दिवसांत अर्ज निकाली काढायचा असतो आणि त्या वेळात रकाने भरले आहेत का, उघड चूक आहे का, एवढेच तपासले जाते. त्या कागदाचे मोल शिक्क्यात नसून त्याखाली असलेल्या कंपनीच्या सहीत आहे.

वेतनस्तराचा अर्थ

एलसीएमधील सर्वांत बोलका रकाना वेतनस्तराचा असतो. एकाच व्यवसायातील आणि एकाच भागातील लोकांना मिळणाऱ्या पगारांची उतरंड लावून चार स्तर ठरवले जातात, आणि गेली अनेक वर्षे चालत आलेल्या पद्धतीत ते अनुक्रमे १७, ३४, ५० आणि ६७ या शततमकांच्या आसपास येतात. म्हणजे पहिल्या स्तराचे वेतन घेणाऱ्याला त्या शहरात तेच काम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ८३ जणांपेक्षा कमी पैसे मिळतात, आणि दुसऱ्या स्तरावरचा माणूसही मध्यापेक्षा बराच खाली असतो. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० मधील अभ्यासात, मंजूर झालेल्या एच-१बी जागांपैकी ६० टक्के जागा या पहिल्या दोन स्तरांत आढळल्या होत्या. परदेशी कामगार आपला पगार खाली ओढतात, अशी अमेरिकी प्रोग्रॅमरांची जी तक्रार आहे तिचे मूळ या रकान्यात आहे, आणि ती तक्रार निव्वळ द्वेषातून येते असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

तुमच्यापुरता उपयोग असा. आठ वर्षांचा अनुभव, चार जणांची टीम सांभाळणे आणि आर्किटेक्टचे पदनाम ऑफर लेटरवर असेल, परंतु एलसीएवर पहिला स्तर असेल, तर कंपनीने सरकारला तुम्ही नवशिके आहात असे सांगितलेले आहे. व्यवसायाचा संकेतांकही तपासावा: सॉफ्टवेअर डेव्हलपरचा १५-१२५२ आहे, तर प्रोग्रॅमरचा १५-१२५१ आहे, आणि काम पहिल्याचे असूनही प्रचलित वेतन कमी पडावे म्हणून दुसराच संकेतांक लावलेला असू शकतो. कायद्याने कंपनीला प्रचलित वेतन किंवा त्याच कामासाठी ती आपल्या इतर कर्मचाऱ्यांना देत असलेले वेतन, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे लागते.

डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने वेतनस्तराचे वजन आणखी वाढवले. त्यानुसार देऊ केलेले वेतन चौथ्या स्तराला पोचत असेल, तर त्या उमेदवाराचे नाव लॉटरीत चार वेळा, तिसऱ्याचे तीन वेळा, दुसऱ्याचे दोनदा आणि पहिल्याचे एकदाच धरले जाते. साहजिकच, नोंदणीत वरचा स्तर दाखवण्याचा मोह कंपन्यांना होणार. नोंदणीत कोणता स्तर लिहिला होता आणि एलसीएवरील वेतन त्या स्तराला पोचते का, हे दोन्ही विचारून लिहून ठेवावे, कारण तफावत पकडली गेल्यास अर्ज तुमचाच नाकारला जाऊ शकतो.

कामाचे ठिकाण आणि मधले व्हेंडर

आउटसोर्सिंगच्या व्यवसायात कंपनी एकीकडे, काम दुसरीकडे, ही नेहमीची गोष्ट आहे. एलसीएमध्ये कामगार दुसऱ्या संस्थेकडे पाठवला जाणार आहे का, असा स्पष्ट प्रश्न असतो आणि होकारार्थी उत्तर दिल्यास त्या संस्थेचे नाव द्यावे लागते. तेथे ‘नाही’ लिहिलेले असेल आणि मुलाखत मात्र भलत्याच बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या मॅनेजरने घेतली असेल, तर थांबावे. एंड क्लायंट, म्हणजे ज्याचे काम तुम्ही प्रत्यक्ष करणार ती संस्था, आणि तुमची कंपनी यांच्यामध्ये किती व्हेंडर, म्हणजे मध्यस्थ कंपन्या आहेत, हेही विचारावे. मधला प्रत्येक जण बिलातून आपला वाटा कापतो आणि काम थांबले की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रचलित वेतन भागागणिक बदलते, म्हणून ठिकाणाचा खेळ पगाराशी जोडलेला असतो. समजा, एलसीए एखाद्या स्वस्त, लहान शहराच्या नावाने भरला आणि तुम्हाला सॅन होजेसारख्या महागड्या शहरात पाठवले. तेथील घरभाडे तुम्ही द्याल, पगार मात्र लहान शहराचा मिळेल. २०१५ च्या सिमिओ सोल्युशन्स प्रकरणातील निर्णयापासून, कामाचे ठिकाण त्या महानगर क्षेत्राबाहेर गेल्यास कंपनीला नवा एलसीए घेऊन सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. बदलीचा निरोप आला की त्या अर्जाची पावती मागावी.

साठ हजार डॉलरची मेख

एलसीएमध्ये कंपनी ‘एच-१बीवर अवलंबून’ आहे का, हेही लिहिलेले असते. पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत १५ टक्के किंवा जास्त लोक या व्हिसावर असतील, तर ती अवलंबून ठरते आणि तिला दोन जादा हमी द्याव्या लागतात: आधी अमेरिकी उमेदवार शोधण्याची आणि अमेरिकी कामगाराला हटवून त्याच्या जागी परदेशी माणूस न बसवण्याची. परंतु कामगाराला वर्षाला किमान ६०,००० डॉलर पगार असेल किंवा त्याच्याकडे संबंधित विषयातील मास्टर्स पदवी असेल, तर या दोन्ही हमींतून कंपनी सुटते. हा आकडा १९९८ च्या कायद्यातला आहे आणि अजून बदललेला नाही. त्या काळी तो चांगला पगार होता. आज मोठ्या शहरात तो सुरुवातीच्या पगाराच्याही खाली भरतो. कंपनी अवलंबून असेल आणि तुमचा पगार साठ हजारांच्या जेमतेम वर असेल, तर तो आकडा कशावरून ठरला हे समजून घ्यावे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑरलँडो येथील डिस्नीच्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांना नोकरी संपत असल्याचे सांगण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावे लागले. आपल्याकडे याला सहजपणे केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. अशा केटीसाठी समोर बसण्याची वेळ आली, तर समोरच्याचा शेवटचा दिवस जवळ आलेला असू शकतो याचे भान ठेवावे, आणि तेथील वातावरण थंड असल्यास ते मनाला लावून घेऊ नये.

पैसे, बाँड आणि बेंच

कंपनीने भरायचे प्रशिक्षण शुल्क, जे कर्मचारीसंख्येनुसार ७५० किंवा १,५०० डॉलर असते, उमेदवाराकडून घेणे बेकायदा आहे, मग ते पगारातून कापून घेतले तरी. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्याबद्दल दंड आकारण्यासही मनाई आहे; प्रत्यक्ष नुकसानभरपाईचा दावा राज्याच्या कायद्यानुसार करता येतो, त्यामुळे बाँडमधील भाषा वकिलाला दाखवावी. नागपूर किंवा ठाण्यातील एजंटने ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली रोख रक्कम मागितली, तर तेथेच नमस्कार करून बाहेर पडावे.

प्रोजेक्ट नाही म्हणून विनापगार बेंचवर बसवणेही कायद्यात बसत नाही. अमेरिकेत प्रवेश केल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत पगार सुरू व्हावा लागतो, तुम्ही आधीच तेथे असाल तर दर्जा बदलल्यापासून ६० दिवसांत, आणि काम देणे ही कंपनीची जबाबदारी असते. पगार थकल्यास श्रम विभागाच्या वेतन व तास शाखेकडे डब्ल्यूएच-४ या अर्जावर बारा महिन्यांच्या आत तक्रार करता येते. नोकरी गेल्यास नवी कंपनी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि कंपनीने मुदतीपूर्वी काढून टाकले असेल तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिने देणे अपेक्षित आहे.

एलसीए, मंजुरीची सूचना, सर्व पगारचिठ्ठ्या आणि ठिकाण-बदलाचे ईमेल यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून आपल्या खाजगी खात्यात साठवत जाव्यात. कंपनीच्या लॅपटॉपवर त्या ठेवू नयेत, कारण नोकरी गेल्याचा निरोप येतो त्याच दिवशी तो लॅपटॉप बहुधा उघडेनासा होतो.