लिबरऑफिसने तुमचे शब्द कुठे ठेवलेत ते शोधा

मुद्रितशोधनाचं माझं सगळं काम लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या रायटरमध्ये चालतं. आडनावं, वाड्यावस्त्यांची नावं, बोलीतले शब्द दिसले की खाली लाल रेघ येते. शब्द बरोबर असेल तर राइट क्लिक करून मी तो माझ्या शब्दकोशात घालते. अशी वर्षानुवर्षं जमलेली पुंजी संगणक फॉरमॅट करताना एका झटक्यात जाते, कारण लोक डॉक्युमेंट्स फोल्डर तेवढं उचलतात आणि हे शब्द तिथे नसतातच.

पत्ता आधी प्रोग्रॅमलाच विचारा. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लिबरऑफिसखाली पाथ्स. ऑटोकरेक्ट, टेम्पलेट्स यांच्यासमोर पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. विंडोजवर थेट जायचं तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, मागेपुढे टक्क्याचं चिन्ह लावून टाका आणि एंटर. रोमिंग उघडेल. त्यात लिबरऑफिस, मग ४, मग यूजर. आवृत्ती ७ असो की २४, फोल्डरचं नाव ४च राहतं. जुनं समजून ते उडवू नका. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतात. तिथल्या डॉट-कॉन्फिगमध्ये हाच क्रम सापडतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या लिनक्सवर प्रोग्रॅम बसवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत. फ्लॅटपॅकवरून घेतलं असेल तर मात्र डॉट-व्हारमधल्या ॲपमध्ये बघा, आणि स्नॅप असेल तर होममधल्या स्नॅप फोल्डरमध्ये.

यूजरमधलं वर्डबुक उघडा. स्टँडर्ड डॉट डिक ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. वर तीन-चार ओळींचा मथळा असतो, त्याला हात लावू नका. खाली एका ओळीत एक, असे तुमचे शब्द. स्वतःचे शब्द असे सलग वाचताना मला फार आनंद होतो, आणि चुकून घातलेला अशुद्ध शब्दही इथेच सापडतो. तो लगेच काढा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती चूक रेघेविना निसटेल. शेजारच्या ऑटोकॉरमध्ये आपोआप दुरुस्त्यांची यादी असते. रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाच्या फाइलमध्ये मूळ मांडणीपेक्षा तुम्ही वेगळ्या केलेल्या सेटिंग्ज. मी अख्खा यूजर फोल्डर पेनड्राइव्हवर घेते. कॉपी करण्याआधी लिबरऑफिस पूर्ण बंद करा, कारण चालू असताना त्यातल्या फाइली बदलत राहतात.

इतर प्रोग्रॅमच्या सेटिंग्जही अशाच शोधता येतात. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत अबाउट, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं आणि सपोर्ट हे इंग्रजीत लिहिलं की तुमच्या सेटिंग्ज असलेल्या प्रोफाइल फोल्डरचं बटण मिळतं.

प्रोग्रॅम पत्ता सांगतच नसेल, तर त्याची एखादी सेटिंग बदला, तो बंद करा आणि ॲपडेटामधले फोल्डर 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावा. आत्ताची वेळ ज्या फाइलवर असेल तीच बहुधा तुमची. रोमिंगमध्ये नसेल तर लोकलमध्येही बघा. काहीच हललं नसेल तर सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, असण्याची शक्यता मोठी: ते दाखवणारं रेगएडिट उघडून करंट यूजरखालच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचं नाव शोधा. तिथे फक्त वाचा. तरीही हाती लागलं नाही तर प्रोग्रॅम कुठे काय लिहितो ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत प्रोसेस मॉनिटर घ्या, प्रोग्रॅमच्या नावाचा फिल्टर लावा, सेटिंग पुन्हा बदला आणि राइटफाइल किंवा रेगसेटव्हॅल्यू असं लिहिलेल्या ओळीतला मार्ग उतरवून घ्या.