८सीबीची अवस्थांतरं सूक्ष्मदर्शकाखाली कशी पाहाल

लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणूंमध्ये स्फटिकासारखी थोडी शिस्त असलेला पदार्थ. त्याचा अभ्यास सुरू करणाऱ्यांना मी पहिल्यांदा ८सीबी हा पदार्थच देते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सायनोबायफिनाइल नावाचे लिक्विड क्रिस्टल बनवले, त्याच घराण्यातला हा. फार तापवायला लागत नाही आणि तीन अवस्थांतरं दाखवतो: साधारण २१.५ अंश सेल्सिअसला स्फटिकाचा स्मेक्टिक-ए (रेणू थरांत रचलेले), ३३.५ला नेमॅटिक (थर नाहीत, पण रेणू साधारण एकाच दिशेने), ४०.५ला साधा द्रव.

स्वच्छ, कोरड्या काचपट्टीवर टाचणीच्या टोकाएवढा पदार्थ घ्या, वर कव्हर स्लिप ठेवा आणि हॉट स्टेजवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या तापवता येणाऱ्या बैठकीवर, ४५ अंशांपर्यंत तापवा. पोलरायझर आणि ॲनालायझर (नमुन्याच्या खालची आणि वरची ध्रुवण-गाळणी) काटकोनात आणले की सगळं काळं दिसेल.

आता सावकाश थंड करा. ४२च्या खाली मिनिटाला अर्धा अंश पुरे. काळ्यात चमकते गोल थेंब उगवतात, वाढतात, एकमेकांत मिसळतात. हा नेमॅटिक. काही बिंदूंमधून दोन किंवा चार काळे पट्टे फुटलेले दिसतील. हे बिंदू म्हणजे दोष, रेणूंची सामाईक दिशा जिथे विस्कटते त्या जागा. पोलरायझर आणि ॲनालायझर एकत्र फिरवून पाहा: पट्टे त्याच दिशेने वळले तर तो दोष धन, उलट वळले तर ऋण. आणि सगळं दृश्य लुकलुकत असतं, ते जरूर बघत बसा. उष्णतेमुळे रेणूंची सामाईक दिशा सतत डोलत असते, ते डोलणंच तुम्हाला दिसतंय. याहून सुंदर काही मी प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही.

३३.५च्या जवळ लुकलुक मंदावते आणि थांबते. रेणू थरांत बसले. थराची जाडी सुमारे ३२ अँगस्ट्रॉम (३.२ नॅनोमीटर), एका रेणूच्या लांबीपेक्षा जास्त, कारण शेजारचे रेणू उलटसुलट तोंडं करून अर्धवट एकमेकांवर सरकलेले असतात. थर वाकू शकतात, पण त्यांतलं अंतर सहजी बदलत नाही. म्हणून पंख्यांची नक्षी उमटते.

मध्येच एखादा भाग काळा राहिला तर त्याला लगेच द्रव समजू नका. कव्हर स्लिप सुईने हलकेच दाबा. उजेड चमकून गेला तर तो नेमॅटिकच आहे, फक्त रेणू काचेवर उभे असल्याने काळा दिसत होता; काळंच राहिलं तर द्रव.

स्फटिक वितळण्याचा आकडा मात्र परत तापवतानाच घ्या, कारण थंड होताना स्मेक्टिक २१.५च्या बराच खाली टिकतो. आणि ४०.५जवळ थेंब व काळा द्रव बराच वेळ शेजारी-शेजारी दिसले, तर नमुन्यात भेसळ आहे का ते आधी तपासा.