संघ सतत हरतोय, तर बोट कुणाकडे दाखवायचं?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला आपला संघ हरायला लागला की चाहत्यांच्या चर्चेत सगळेच दोषी ठरतात: गोलरक्षक, महागडा फॉरवर्ड, कोच, जनरल मॅनेजर, मालक. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडंफार तथ्य असतं. पण एक जण कालच्या सामन्याबद्दल बोलतो आणि दुसरा गेल्या दहा वर्षांबद्दल, म्हणून वाद मिटत नाही. वीस सामने बिघडले असतील तर कारण बहुधा बर्फावर सापडतं. तीन-चार हंगाम बिघडले तर संघ बांधणाऱ्याकडे, म्हणजे जनरल मॅनेजरकडे पाहायचं. आणि खेळाडू, कोच, मॅनेजर सगळे बदलूनही दशकभर तेच चालू असेल तर मालक सोडून कुणी उरत नाही. तपासही याच क्रमाने, खालून वर करावा.

उदाहरणासाठी बफेलो सेबर्स घेऊ. २०११-१२ ते २०२४-२५ असे सलग १४ हंगाम त्यांचं प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) हुकलं. लीगच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघाने पाहिलेला नाही.

अपेक्षा आकड्यात लिहा

"यंदा बरं खेळायला हवं" याला अपेक्षा म्हणता येत नाही. हंगाम सुरू होण्याआधी गुणांचा आकडा लिहून ठेवा. पारंपरिक हंगाम ८२ सामन्यांचा. विजयाला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तर १. ३२ पैकी १६ संघ प्लेऑफला जातात, पण शेवटच्या जागेची किंमत दर वर्षी आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये (लीगच्या पूर्व आणि पश्चिम गटांत) बदलते. २०२४-२५ मध्ये पूर्वेकडून मॉन्ट्रियल ९१ गुणांवर आत गेलं, तर पश्चिमेकडे कॅलगरी ९६ गुण मिळवूनही बाहेर राहिलं. हिशेबाला ९५ धरा.

आता भागाकार करा. ३० सामन्यांत २८ गुण झाले असतील तर उरलेल्या ५२ सामन्यांत ६७ गुण लागतात. हा वेग पूर्ण हंगामाला लावला तर जवळपास १०६ गुण होतात, म्हणजे लीगमधल्या अव्वल संघांचा वेग. "अजून बराच हंगाम बाकी आहे" म्हणणाऱ्याला हे गणित दाखवावं. शिवाय जादा वेळेत गेलेल्या प्रत्येक सामन्यात हरणाराही एक गुण घेऊन जातो, त्यामुळे पुढच्या संघांशी असलेलं अंतर फार हळू कमी होतं.

"पन्नास टक्के" या शब्दानेही फसायला होतं. ३५ विजय, ३५ पराभव आणि जादा वेळेतले १२ पराभव म्हणजे ८२ गुण. गुणतक्त्यात हे निम्म्यावर दिसतं, प्रत्यक्षात संघ ४७ सामने हरलेला असतो आणि एप्रिलमध्ये घरी बसतो.

नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी थँक्सगिव्हिंगला जे संघ प्लेऑफच्या जागेवर असतात, त्यातले साधारण तीन-चतुर्थांश शेवटीही तिथेच राहतात. मात्र २०१८-१९ मध्ये दोन्ही बाजूंनी अपवाद घडले. बफेलोने नोव्हेंबरमध्ये सलग १० सामने जिंकले, लीगमध्ये पहिला क्रमांक गाठला, आणि तरीही प्लेऑफ हुकवलं. त्यातले अनेक विजय जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले होते, तिथेच धोक्याची घंटा होती. उलट सेंट लुईस ब्लूज ३ जानेवारी २०१९ ला लीगमध्ये तळाला होते आणि जूनमध्ये त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेता करंडक, जिंकला.

खेळाडूंवर बोलण्याआधी गोलरक्षक तपासा

इथे चर्चा सर्वात जास्त घसरते, म्हणून सावकाश जाऊ. समजा, संघावर दर सामन्यात २८ शॉट येतात. गोलरक्षकाने ९१ टक्के अडवले की ८९ टक्के, हा फरक दिसायला किरकोळ. पण २ टक्के म्हणजे सामन्याला ०.५६ गोल, आणि ८२ सामन्यांत सुमारे ४६ गोल. ढोबळमानाने ६ गोलांचा फरक म्हणजे एक विजय. म्हणजे सात-आठ विजय, १५ गुण, केवळ जाळ्यासमोरच्या एका जागेमुळे. ब्लूजचं नशीब पालटलं तेव्हा नोव्हेंबरमध्ये क्रेग बेरूबे कोच म्हणून आले होते हे खरं, पण जानेवारीत जॉर्डन बिनिंग्टन जाळ्यात उभा राहिला हेही तितकंच महत्त्वाचं.

दुसरी तपासणी पीडीओची. पाच विरुद्ध पाच खेळताना संघाचे किती टक्के शॉट गोलमध्ये गेले आणि गोलरक्षकाने किती टक्के अडवले, यांची बेरीज करा. लीगची सरासरी १०० च्या आसपास असते. वीस सामन्यांनंतर बेरीज ९७ असेल आणि शॉटच्या प्रयत्नांत संघ बरोबरीत किंवा पुढे असेल, तर संयम ठेवा, नशीब फिरण्याची शक्यता मोठी आहे. ६० सामन्यांनंतरही ९७ च असेल तर नशिबाचं नाव घेऊ नका. तेव्हा गोलरक्षक कमी पडतोय किंवा संघात शॉट मारणाराच कुणी नाही.

एकट्या खेळाडूला तोलताना प्लस-मायनस (तो बर्फावर असताना संघाने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक) बाजूला ठेवा. पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) आपण केलेल्या गोलचा प्लस मिळत नाही, पण त्याच वेळी खाल्लेल्या गोलचा मायनस मात्र लागतो. संघ मागे असताना गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवतात, तेव्हा रिकाम्या जाळ्यात गेलेला गोलही बर्फावर असलेल्या सगळ्यांच्या नावावर चढतो. त्यामुळे हरणाऱ्या संघातले सर्वोत्तम खेळाडूच या रकान्यात वाईट दिसतात. त्याऐवजी तो बर्फावर असताना अपेक्षित गोलांमधला (शॉटच्या दर्जावरून जितके गोल व्हायला हवे होते त्यातला) संघाचा वाटा किती आणि नसताना किती, हे किमान २५ सामन्यांचं पाहा. सोबत त्याच्या ओळीत (एकत्र उतरणाऱ्या फॉरवर्डच्या तिकडीत) कोण खेळतं आणि समोर कुणाची ओळ येते, तेही नोंदवा.

करार डॉलरमध्ये मोजू नका

संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा, म्हणजे कॅप, २०१९-२० मध्ये ८ कोटी १५ लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख झाली. म्हणून कराराचा कॅपमधला वाटा काढा. जेफ स्किनरला बफेलोने २०१९ मध्ये आठ वर्षांचा, वर्षाला ९० लाखांचा करार दिला, म्हणजे तेव्हाच्या कॅपचा ११ टक्के. संघाचा तेव्हाचा स्टार जॅक आयकेलच्या ओळीत बहुतेक वेळ खेळून ४० गोल केलेल्या एका हंगामाची ती किंमत होती. दोनच वर्षांनी त्याचे गोल ७ वर आले. २०२४ मध्ये करार विकत घेऊन मोडला, आणि उरलेली तीन वर्षं दुप्पट होऊन त्याचा भार कॅपवर २०२९-३० पर्यंत राहणार आहे. "बायआउट करा" असं सहज म्हणणाऱ्यांनी हे दुप्पट वर्षांचं कलम लक्षात ठेवावं.

संघातून गेलेल्या खेळाडूंचाही हिशेब करा. रायन ओ'रायली २०१८ मध्ये बफेलोतून सेंट लुईसला गेला आणि पुढच्याच वर्षी कपसोबत कॉन स्मायथ करंडक (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा) घेऊन बसला. जॅक आयकेल २०२१ मध्ये व्हेगासला गेला, २०२३ मध्ये कप. सॅम राइनहार्ट २०२१ मध्ये फ्लोरिडाला, २०२४ आणि २०२५ मध्ये कप. गोलरक्षक लिनस उलमार्क २०२१ मध्ये बॉस्टनला, २०२३ मध्ये व्हेझिना करंडक, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान. असा एखादा असता तर योगायोग म्हटला असता. चार-चार जण बाहेर जाऊन चमकतात तेव्हा "यांच्यात जिद्दच नव्हती" हा आरोप टिकत नाही. अर्थात, बाहेर जाऊनही न चमकलेल्यांची यादीही प्रामाणिकपणे करावी.

मुद्दाम तळाला जाण्याचा सल्ला देणाऱ्यांसाठी २०१५ पुरेसं आहे. बफेलो शेवटचं आलं, पण नव्या खेळाडूंतल्या पहिल्या निवडीची लॉटरी एडमंटनला लागली आणि त्या वर्षीचा सर्वात मोठा मोहरा कॉनर मॅकडेव्हिड तिकडे गेला. आजच्या नियमांतही शेवटच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता २५.५ टक्केच आहे.

मालकाकडे केव्हा वळायचं

आधी आरोप नीट निवडा. संघाचा पगारखर्च किमान मर्यादेजवळ (२०२५-२६ मध्ये ७ कोटी ६ लाख) रेंगाळत असेल तर कंजूषपणाचा आरोप चालेल. कमाल मर्यादेला टेकून हरत असेल तर दोष पैशाचा नाही, निवडीचा आहे.

बफेलोत दोन्ही पाहायला मिळालं. टेरी पेगुला यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये संघ घेतला, आणि त्याच उन्हाळ्यात क्रिस्टियन एरहॉफला दहा वर्षांचे ४ कोटी आणि विले लेनोला सहा वर्षांचे २ कोटी ७० लाख देऊ केले. २०१४ मध्ये दोघांचेही करार मोडले. पुढे जून २०२० मध्ये जनरल मॅनेजर जेसन बॉटरिल यांच्यासोबत हॉकी विभागातल्या २२ जणांना एकाच दिवशी काढलं, आणि जागा दिली केव्हिन ॲडम्स यांना, ज्यांनी तोवर जनरल मॅनेजर म्हणून कधीच काम केलेलं नव्हतं. मालकावर बोट ठेवायचं तर अशा निर्णयांवर ठेवा. तो किती सामन्यांना हजर होता, यावर वेळ घालवू नका.

नवा जनरल मॅनेजर आला की पहिल्या उन्हाळ्यात तीन गोष्टी टिपून ठेवा: कोच त्याने स्वतः निवडला का, स्काउट आणि विश्लेषकांची भरती झाली का, आणि तिशीजवळच्या खेळाडूला सात-आठ वर्षांचा करार दिला का. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "नाही" आणि तिसऱ्याचं "हो" असेल, तर ऑक्टोबरसाठी लिहिलेल्या गुणांच्या आकड्यातून दहा आत्ताच वजा करा.