पाकटासाठी किनाऱ्यावरून गळ टाकताना: शिसे, दोरा आणि आमिषाची निवड

ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर किंवा हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर पाकट (स्टिंगरे) पकडायला जाणाऱ्या पुणेकरांनी खरेदीची सुरुवात रॉडपासून न करता शिशापासून, म्हणजे दोऱ्याला लावायच्या वजनापासून करावी. पाकट मासा वाळूच्या तळालगत राहतो आणि त्याचे तोंड पोटाच्या बाजूला असते. त्यामुळे आमिष तळावर स्थिर राहिले नाही, तर बाकीचे साहित्य कितीही महाग असले तरी व्यर्थ आहे.

लाटांच्या ओढीत आमिष जागेवर राहण्यासाठी साधारण १२५ ते १५० ग्रॅमचे, वाळूत रुतणाऱ्या तारांचे शिसे घ्यावे. मुळशी-पानशेतला रोहू-कटल्यासाठी वापरलेला आखूड रॉड एवढे वजन फेकू शकत नाही. त्यासाठी १२ ते १३ फुटी सर्फ रॉड आणि ०.३५ ते ०.४० मिलीमीटर जाडीचा किमान २५० मीटर नायलॉन दोरा मावेल असे रीळ हवे. फेकीचा झटका हा दोरा सोसत नाही, म्हणून त्यापुढे जाड दोऱ्याचा शॉक लीडर बांधावा. शिशाच्या दर औंसामागे दोऱ्याची १० पौंड ताकद हा रूढ हिशेब धरल्यास १५० ग्रॅमसाठी (सुमारे ५.३ औंस) ६० पौंडी दोरा योग्य ठरतो. फेकताना सुटलेले शिसे शेजारच्या माणसाचा जीव घेऊ शकते; येथे काटकसर अजिबात करू नये.

शिसे दोऱ्यावर सरकते ठेवावे, म्हणजे माशाला आमिष उचलताना वजन जाणवत नाही. गळ ४/० ते ६/० मापाचा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) असावा. पाकटाचे चपटे दात पातळ दोरा झिजवतात, म्हणून गळाजवळचा हातभर दोरा ०.८० मिलीमीटरचा घ्यावा. पोलादी तारेची गरज नाही.

आमिषात माझी पहिली पसंती बांगड्याला आहे, कारण त्याच्या तेलाचा वास पाण्यात दूरवर पसरतो. मात्र तो मऊ असल्याने फेकीत सुटतो. म्हणून बोटभर लांब पट्टी कापून ती माकुलाच्या पट्टीत गुंडाळावी, लवचीक बेट थ्रेडचे (आमिष बांधायच्या बारीक दोऱ्याचे) वेढे घट्ट द्यावेत आणि गळाचे टोक पूर्ण उघडे ठेवावे. पुण्यातूनच आमिष न्यायचे असल्यास गणेश पेठेतल्या मासळी बाजारात लाल कल्ल्यांचा, ताठ अंगाचा बांगडा निवडावा आणि तो बंद पिशवीत घालूनच बर्फात ठेवावा, कारण वितळलेल्या पाण्यात भिजलेले मांस पांढरे पडून गळावर टिकत नाही. तारली, कोळंबी आणि लहान खेकडेही चालतात.

पाकट अनेकदा आधी आमिषावर बसतो, त्यामुळे रॉडचे टोक नुसते हलताच ओढू नये. रिळाचा ड्रॅग (दोरा सुटण्यावरचा ब्रेक) सैल ठेवून दोरा सलग निघू लागेपर्यंत थांबावे. मग झटका न देता ड्रॅग आवळून दोरा गुंडाळावा.

शेपटीवरचा काटा विषारी आणि करवतीसारखा दातेरी असतो. लांब चोचीचा पक्कड आणि दोरा कापायची कात्री हाताशी ठेवावी, आणि पाण्यात उतरताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्याने वेदना कमी होतात, म्हणून गरम पाण्याचा थर्मास सामानात असावा. त्यानंतर डॉक्टरांकडे जावेच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो.