मदरबोर्ड नवा, विंडोज जुनीच

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या कचेरीत अनेक वर्षे एकच संगणक वापरात होता. पावत्यांचा हिशेब, कुळाव्यांची, म्हणजे देवाला कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांची, यादी आणि जत्रेची निमंत्रणपत्रिका ज्यात जुळवली जाते ते युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीचे मराठी टंक (फाँट), असे सारे त्यावर साठलेले होते, आणि टंकलेखनाची ती जुनी प्रणाली पुन्हा बसवून देणारा माणूस मात्र उरलेला नव्हता. अशा ठिकाणी ‘नवी विंडोज टाका’ हा सल्ला कामाचा नसतो. आहे तीच विंडोज नव्या यंत्रात न्यावी लागते. ते जमते, परंतु त्यातले निम्म्याहून अधिक काम जुना संगणक धडधाकट चालू असतानाच करायचे असते. म्हणून गोव्यात हे काम मृगापूर्वी उरकलेले बरे, कारण विजांच्या कडकडाटात एकदा का जुना मदरबोर्ड, म्हणजे सारे भाग जोडणारी मुख्य पाटी, गेला की पुढे सांगितलेल्या पायऱ्यांपैकी बऱ्याच पायऱ्या करताच येत नाहीत.

प्रथम स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ लिहिले आहे की ‘यूईएफआय’ ते पाहावे; संगणक सुरू करण्याच्या या अनुक्रमे जुनी व नवी पद्धती होत. नवे अनेक मदरबोर्ड फक्त यूईएफआय पद्धतीनेच डिस्क सुरू करतात, त्यामुळे ‘लेगसी’ असल्यास एक जादा पायरी वाढते. त्याच पडद्यावर विंडोज ३२ बिटची असल्याचे दिसले, तर स्थलांतराचा विचार तिथेच सोडून द्यावा, कारण ६४ बिटच्या यूईएफआयवर ती सुरू होत नाही.

परवान्याची चौकशीही आधीच करावी. कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’ लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ व ‘डीएलआय’ अशी अक्षरे इंग्रजीत दिली की परवाना ‘रिटेल’ (वेगळा विकत घेतलेला) आहे की ‘ओईएम’ (यंत्राबरोबर आलेला) ते कळते. रिटेल परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. ओईएम परवाना ज्या यंत्राबरोबर आला त्याच्याशीच बांधलेला असतो, आणि मग नव्या परवान्याचा खर्च आधीच धरून ठेवावा लागतो. रिटेल असल्यास तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा.

यानंतरचा मुद्दा लहान दिसतो, पण माझा सर्वाधिक वेळ त्यानेच खाल्ला. विंडोजचा पिन हा संगणकातील टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधलेला असतो, त्यामुळे मदरबोर्ड बदलताच तो चालेनासा होतो आणि मूळ पासवर्ड द्यावा लागतो. देवस्थानच्या कारकुनांना चार आकडी पिन तोंडपाठ होता; पासवर्ड कोणी आणि कधी ठेवला याचा मात्र पत्ता नव्हता. अखेर तो एका जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला सापडला, तोही शेवटचे अक्षर पुसट झालेला. म्हणून जुन्या यंत्रावर एकदा पासवर्ड टाकूनच आत जाऊन पाहावे. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास तो पूर्ण बंद करून डिस्क उलगडू द्यावी. निदान त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण नवे यंत्र ती हमखास मागते.

आता जुन्या मदरबोर्डाची व ग्राफिक्स कार्डाची साहाय्यक सॉफ्टवेअर काढून टाकावीत आणि नव्या मदरबोर्डाचा नेटवर्क ड्रायव्हर (इंटरनेटचा भाग विंडोजकडून चालवून घेणारे सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर घ्यावा. तो विसरलाच, तर अँड्रॉइड मोबाइल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग करता येते, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते. त्यानंतर ‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘बूट’ या भागात ‘सेफ बूट’पुढे खूण करावी, म्हणजे नव्या यंत्रावर विंडोज मोजक्या ड्रायव्हरांसह उठते. शेवटी शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन करावे. एरवी ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि तशा डिस्कची प्रत घेणे धोक्याचे असते.

मूळ डिस्क थेट नव्या यंत्रात बसवण्याचा मोह टाळावा आणि क्लोनझिलासारख्या साधनाने तिची प्रत करून प्रतीवरच प्रयोग करावेत. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. सेकंदाला १०० एमबी वेग धरला, तर ५०० जीबी उतरवायला सुमारे दीड तास जातो, आणि आपल्याकडे वीज तेवढा वेळ सलग राहीलच याची खात्री नसल्यामुळे यूपीएस हवाच. प्रत झाल्यावर मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि प्रत नव्या यंत्रात बसवावी. दोन्ही एकाच वेळी जोडल्यास, ओळखक्रमांक सारखा असल्यामुळे विंडोज त्यांतील एक डिस्क ऑफलाइन करते.

‘लेगसी’वाल्यांनी नवा संगणक विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हने सुरू करावा, शिफ्ट व एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि डिस्कची मांडणी यूईएफआयला चालेल अशी करणारे ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आधी ‘व्हॅलिडेट’ व मग ‘कन्व्हर्ट’ या पर्यायाने चालवावे. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी विभाग असले तर ते नकार देते.

पहिल्या वेळी निळा पडदा येऊन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे दिसले, तर डिस्क बिघडली असे समजू नये. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, साठवणीची पद्धत ‘रेड’ किंवा इंटेलची ‘व्हीएमडी’ असेल, तर ती बदलून ‘एएचसीआय’ करावी किंवा व्हीएमडी बंद करावी. विंडोज सेफ मोडमध्ये उठली की ‘सेफ बूट’ची खूण काढून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि ड्रायव्हर बसू द्यावेत, या वेळी पडदा दोन-तीनदा काळा झाला तरी बटण दाबू नये. मग ‘अॅक्टिव्हेशन’मध्ये ट्रबलशूटर चालवून ‘हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्याय निवडावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ११ वर जाणे ओघाने आलेच, परंतु आधी स्थलांतर स्थिर होऊ द्यावे. एकाच दिवशी दोन्ही केल्यास बिघाड कशाने झाला ते कळत नाही.

लिनक्सवाल्यांचे काम यापेक्षा हलके असते, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नल या लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. फेडोरा या लिनक्समध्ये इनिट्रॅमएफएस (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची गठडी) जुन्या यंत्रापुरतीच बांधलेली असू शकते, तेव्हा पहिल्यांदा ‘रेस्क्यू’ नोंदीतून आत जावे. बूटची नोंद मदरबोर्डात राहते, डिस्कबरोबर येत नाही, म्हणून यंत्राला डिस्क सापडली नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब हा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम पुन्हा बसवावा.

देवस्थानची मूळ डिस्क अजून कपाटात आहे. तारखेची चिठ्ठी लावून, सिलिका जेलच्या पुडीसह ती हवाबंद डब्यात ठेवली आहे, आणि नव्या संगणकावरून जत्रेची पत्रिका एकदा बिनचूक छापून होईपर्यंत ती कोणी पुसायची नाही, असे ठरले आहे.